श्रीपतीच्या नावावर

९ नोव्हेंबर २०२३
चौकीवरून. जागेचं नाव लिहायला मनाई आहे.

दादा,

पायांना हात लावून नमस्कार.

हे पत्र तुला मिळेपर्यंत महिना तरी जाईल. हेलिकॉप्टर रेशन टाकून परत फिरताना टपालाची थैली नेतं, तेही हवा उघडली तर. इथून थेट परदेशात लिहिता येत नाही, म्हणून पत्र आधी गावाला संजीवनीकडे जाईल आणि ती नव्या पाकिटात घालून तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर कतारला पाठवील. फोन आहे एक. आठवड्याला माणशी पाच मिनिटं. ती बायकोला देऊन झाली की भावाला काय उरणार?

आम्ही बाराजण आहोत. फायबरच्या खोलीत रॉकेलची शेगडी दिवसभर चालू असते. तिच्यावर बर्फ वितळवून पाणी करतो. थुंकी काळी येते. दाढी केली तर कातडं निघतं, म्हणून सगळे साधू झालोत. रोज संध्याकाळी प्रत्येकाचे बूट-मोजे काढून पाय बघायचे, बोटं दाबून रंग बघायचा, हे माझं काम. हवालदार झालो तो माणसांचे पाय बघायला, असं संजीवनी म्हणते.

वर चढण्याआधी वीस दिवस गावाला होतो. वहिनी विचारत होत्या, तू यंदा सुट्टीला का आला नाहीस. मी म्हटलं, दादा फोरमन झालाय, जबाबदारी वाढली. बारा वर्षांपूर्वी चिंचणवाडीतनं कतारला जाणारा तू पहिला माणूस. तुझ्या मागून सात घरांतली माणसं गेली. गावात तुझं नाव निघालं की माणसं मान डोलावतात, मला बरं वाटतं.

श्रीपती सुतार दिसला होता. उजवा हात मनगटापासून नाही. माझ्याकडं बघून उठला, काहीतरी बोलणार होता. मी गाडीला किक मारून निघून आलो. दारू पिऊन यंत्रात हात घालायचा, तू ज्याला तिथं नेलंस त्यानंच तुला खाली बघायला लावायचं, असल्या माणसाशी काय बोलायचं?

एक विचार आहे मनात, पुढच्या पत्रात लिहीन. शेगडीपाशी बसूनसुद्धा पेन गोठतं.

तुझा
हरिदास


८ डिसेंबर २०२३
अल रुवैस

चि. हरिदास,

तुझं पत्र मिळालं. जीव भांड्यात पडला. आमच्या शेडमधला एकजण उद्या सुट्टीवर निघालाय, हे पत्र त्याच्याजवळ देतो. तो तिकडून तुझ्या पलटणीच्या पत्त्यावर टाकील.

तू बर्फाचं लिहिलंस, मी इथलं लिहितो. सध्या थंडी म्हणजे सकाळी स्वेटर लागतो इतकीच. समोर समुद्र आहे. कंपनीचं हापिस तिकडं दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात, पण बोटी दुरुस्त करायची शेड इथं उत्तरेच्या टोकाला. मासेमारीच्या फायबरच्या बोटी आणि जुन्या लाकडी लाँचा येतात. बारा वर्षांपूर्वी मला इथं आणून सोडलं तेव्हा शेडला छप्परही नव्हतं. कंटेनरमध्ये सहाजण झोपायचो. मल्याळी, बंगाली, एक मिसरी. कुणाचीच भाषा कुणाला येत नव्हती. हाताच्या खुणांनी काम शिकलो. पिण्याच्या पाण्याची टाकी दोन दिवसांआड यायची. तुम्ही चौकीला पाणी वितळवता, आम्ही टँकरची धूळ बघत बसायचो.

आता तसं नाही. खोल्या चांगल्या आहेत, एसी आहे. महिन्यातून एका शुक्रवारी बस एशियन टाउनला नेते. तिथं सिनेमा बघतो, केस कापतो, शेंगदाण्याची चटणीसुद्धा मिळते.

सुट्टीला आलो नाही कारण काम होतं.

श्रीपतीचं वाईट झालं. त्याला तू काही बोलू नकोस. जे झालं ते झालं. कुणाच्या घरावर आपण कशाला बोट दाखवायचं.

पायांची काळजी घे. स्वतःच्याही.

तुझा
दादा


११ जानेवारी २०२४
चौकीवरून

दादा,

नमस्कार. या वेळेला जरा मोठं लिहितोय, कारण हवा आठ दिवस बंद आहे आणि हातांना दुसरं काम नाही.

आमच्यात अवधूत म्हणून नांदेडकडचा जवान आहे. तिशीचा, दोन लेकरांचा बाप, अंगानं रेड्यासारखा. डिसेंबरच्या शेवटी बर्फातल्या वाटेला दोरी लावायला गेलो होतो, सहा तास बाहेर. परत आलो तेव्हा माझ्या फोनची पाळी होती. मी पाय तपासले नाहीत. मनात म्हटलं, एक दिवस. फोनवर बोललो, जेवलो आणि आडवा झालो. दुसऱ्या दिवशी अवधूत बूट घालताना थांबला. मोजा काढला तर दोन बोटं शेगडीच्या काजळीसारखी. हेलिकॉप्टर चौथ्या दिवशी आलं. बोटं काढावी लागली.

साहेब चांगला माणूस आहे, वयानं माझ्यापेक्षा लहान. मला म्हणाला, "हरिदास, रिपोर्टमध्ये लिहितो की जवानाने त्रास लपवला. तोही तेच सांगतोय." खरंच अवधूत तसंच सांगत होता. स्ट्रेचरवरून माझा हात धरून म्हणाला, "उस्ताद, माझीच चूक हाय, मीच बोललो नाही." दादा, तो तसं म्हणाला नसता तर कदाचित मी साहेबांचं ऐकलं असतं. पण त्यानं माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी ते घ्यावं, हे काही गळ्याखाली उतरेना. मी कागद मागून घेतला आणि लिहिलं, त्या दिवशी पाय तपासायचे माझ्याकडून राहिले.

आता नावावर लाल शाईची नोंद होईल. नायब सुभेदारी गेली असं धर. संजीवनीला अजून सांगितलेलं नाही. झोप मात्र लागते.

म्हणून मागच्या वेळचा तो विचार. माझी सतरा वर्षं झाली, पेन्शन बसलेली आहे. मुदतीआधी घरी जायचा अर्ज करतो आणि तुझ्याकडे येतो. अण्णांच्या बाराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "हरिदास, कधीही ये, माझ्या हाताखाली घेतो." मला तुझ्याच हाताखाली काम करायचंय. साहेब पुष्कळ बघितले. भाऊ असला म्हणजे निदान खरं-खोटं करावं लागत नाही.

कळव.

हरिदास


१६ फेब्रुवारी २०२४
अल रुवैस

चि. हरिदास,

पत्र वाचलं.

तू जे लिहून दिलंस ते बरोबर केलंस की नाही मला सांगता येत नाही. साहेब सांगत होता तसं लिहू द्यायचं होतंस. कधी कधी वरचा माणूस सांगतो ते चारजणांच्या भल्याचं असतं. अवधूतची बोटं काय परत येणार आहेत? तुझी बढती गेली, संजीवनीच्या तोंडचा घास गेला. एवढं कोणासाठी?

इथं यायचं म्हणतोस. मी तेव्हा बोललो होतो खरं. पण आता इथं पूर्वीसारखं नाही. उन्हाळ्यात उभं राहवत नाही, दुपारची कामं सरकारनंच बंद केलीत. व्हिसाचं अवघड झालंय. तुझं वय सदतीस. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, नवीन माणसाला हो म्हणेल असं वाटत नाही. तुला समुद्राची सवय नाही. नोकरीत टिकून राहा. चार-पाच वर्षं काढ. नोंद काय, आज आहे उद्या पुसली जाते.

रागावू नकोस. तुझ्या भल्याचं सांगतोय.

दादा


२१ मार्च २०२४
खालच्या छावणीतून

दादा,

चौकीवरून उतरलो. सव्वाचार महिन्यांनी झाड बघितलं. अंघोळ केली तेव्हा पाणी काळं वाहिलं आणि आम्ही अकराजण लहान मुलांसारखे हसत सुटलो.

तुझं पत्र खाली येऊन वाचलं. तीनदा वाचलं. व्हिसा अवघड, वय, समुद्राची सवय नाही. एकजरी कारण खरं असतं तर तू तीन दिली नसतीस. श्रीपतीला सवय होती का समुद्राची? सुतारकाम सोडून त्यानं काय केलं होतं? त्याला तू नेलंस.

तुला मी नकोय, हे सरळ लिहायचं. मला वाटतं, मला कारण कळलंय. आईच्या आजारपणात मी छावणीत होतो, तू एकट्यानं सगळं बघितलंस. तू कधी बोलला नाहीस, पण मनात ठेवलं असशील. तसं असेल तर तुझं बरोबर आहे. मी नाही आलो. रजा मिळत होती आणि मी ती दुसऱ्याला जाऊ दिली, कारण आईला तसं बघवत नव्हतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आता तुला माहीत झालं.

साहेबांनी माझा अर्ज टेबलावर ठेवून घेतलाय. म्हणतात, मेअखेरपर्यंत विचार कर, मग मी वर पाठवतो. मी सही करून दिलेली आहे. तुझ्याकडे नाही तर दुसरीकडे कुठंतरी पहारेकरी म्हणून उभा राहीन.

तुझ्यावर ओझं टाकणार नाही.

हरिदास


१९ एप्रिल २०२४
अल रुवैस

हरिदास,

आईचं मी कधीच मनात ठेवलं नाही. तू स्वतःला दोष देऊन मला मोकळं केलंस आणि ते वाचून मला इथं बसवेना. म्हणून आता लिहितो. हे संजीवनीला दाखवू नकोस. नाहीतर दाखव. तुला योग्य वाटेल ते कर.

तू माझ्या हाताखाली यायचं म्हणतोस. मी फोरमन कसा झालो ते आधी ऐक.

गेल्या वर्षी रमजान ईदच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा मुख्य मिस्त्री होतो. ईदच्या आत चौदा बोटी उतारावरून वर ओढून, तळ घासून, परत पाण्यात सोडायच्या होत्या. बोट वर ओढायला विंच आहे. मोठा रूळ, त्याच्यावर वायर गुंडाळत जाते. त्या रुळाला लोखंडी जाळी असते, म्हणजे कुणाचा हात आत जाऊ नये. आमची वायर जुनी, तिचे तुटके केस जाळीत अडकायचे. दर वेळी यंत्र थांबवून सोडवायला लागायचं. मुदीर दर दोन तासांनी फोन करी. मी जाळी काढून ठेवली. मी, माझ्या हातानं, माझ्या पान्यानं.

श्रीपती वायरीपाशी होता. वायर एका बाजूला चढत होती. मी वरून घाई करत ओरडलो, "यल्ला श्रीपती, हातानं सरळ कर तेवढी."

तो म्हणाला, "मिस्त्री, जाळी नाय बसवली."

मी म्हणालो, "दोनच बोटी उरल्यात. मग बसवू."

त्यानं ऐकलं. माझं ऐकलं, हरिदास. वायरीच्या केसात त्याचा हातमोजा अडकला. मी बटण दाबेपर्यंत हात आत गेला होता. त्याचा आवाजसुद्धा आला नाही मोठा. "अगं आई" एवढंच म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मला इंडस्ट्रियल एरियातल्या हापिसात बोलावलं. आमचे मुदीर जियादसाहेब. ते म्हणाले, चौकशी येणार. जाळी कोणी काढली? मी सांगितलं, मी काढली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, तू काढलीस तर तू जाशील, कंपनीवर खटला होईल, शेड बंद होईल, चाळीस माणसं घरी जातील. त्यानं स्वतःच काढली असेल आणि तो प्यायला असेल, तर फक्त तो जाईल. तो तर तसाही जाणारच आहे, त्याला हात कुठंय?

कागद टाइप करणारा विल्यम वसईचा आहे. मराठी बोलतो. इंग्रजी कागद त्यानं मला मराठीत वाचून दाखवला. श्रीपतीनं परवानगीशिवाय जाळी काढली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी थांबवायला गेलो, तो ऐकत नव्हता. वाचून झाल्यावर विल्यमनं चष्मा काढला आणि विचारलं, "संपतराव, हे खरं आहे का?"

मी म्हणालो, "खरंय."

"मग इथं सही करा."

मला वाचता आलं नाही, मला फसवलं, असं म्हणायलाही जागा नाही. मला ऐकवून, विचारून सही घेतली.

त्या शुक्रवारी हॉस्पिटलात गेलो. श्रीपतीचा पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवलेला. मला म्हणाला, "मिस्त्री, त्यांना सांगितलंत ना जाळीचं?" मी म्हणालो, "सांगितलं." तो म्हणाला, "मग झालं. भरपाईचं बघतील ते." मी त्याला संत्रं सोलून भरवलं. फोड न् फोड. त्यानं खाल्लं.

तीन आठवड्यांनी त्याला विमानात बसवलं. कागद त्याला तिथं विमानतळावर कळला असणार. त्याचे फोन आले. मी नंबर बंद करून टाकला. तुझ्या वहिनीनं विचारलं, श्रीपतीला का पाठवलं? मी म्हणालो, घेतली होती त्यानं. गावात ते तिथून पसरलं. म्हणजे कंपनीचा कागद तर गावात कुणी बघितलेलाही नाही. गावात जे गेलं ते माझ्या तोंडून गेलं. मे महिन्यात मला फोरमन केलं.

श्रीपती आयुष्यात प्यायलेला नाही. त्याचा बाप दारूनं मेला म्हणून तो लग्नातल्या सरबताचाही वास घेऊन बघायचा.

तू अवधूतचं लिहिलंस आणि मी तुला सल्ला दिला, साहेबाचं ऐकायचं होतंस. तो सल्ला मी तुला नव्हता दिला.

आता तुला इथं यायचंय का सांग.

संपत


१४ मे २०२४
चिंचणवाडी

दादा,

सुट्टीवर आलोय. तुझे अकरा फोन आले, मी उचलले नाहीत आणि उचलणार नाही. तोंडानं बोललेलं तू फिरवतोस. काय असेल ते लिहून पाठव.

तुझं पत्र छावणीत मिळालं. ते खिशात घेऊन दोन दिवस आगगाडीत बसलो. वाटलं होतं तुझ्यावर राग येईल. आला, पण दुसरंच काही जास्त आलं. श्रीपती माझ्याकडं बघून उठला होता आणि मी गाडीला किक मारली. त्याला मला हेच सांगायचं असणार. गावात कुणी ऐकत नसेल, म्हणून फौजीला सांगून बघू म्हटलं असेल त्यानं.

काल त्यांच्या घरावरून गेलो. दारात उभा राहायची लाज वाटली. हौसाबाई, त्याची आई, दुसऱ्यांच्या शेतात भांगलायला जातात या वयात. श्रीपतीची बायको बबीता मला बघून आत गेली. माझी वहिनी आणि ती एका नळावर पाणी भरतात. वहिनी तिला धीर देतात म्हणे. "नवरा सुधारेल, देवाला नवस बोल." वहिनींना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

माझं म्हणणं एवढंच. गावात मी काही बोललो तर लोक म्हणतील, भाऊ भावाची बाजू सावरतोय किंवा भावाशी वैर काढतोय. जिथं खोटी सही केलीस तिथं आधी खरी कर. त्याच हापिसात, त्याच माणसासमोर. नोकरी जाईल. जाऊ दे. मग मराठीत एक कागद लिही, कुणाचं नाव न लपवता, आणि मला पाठव. मी तो त्यांच्या घरी घेऊन जाईन. माझी सुट्टी जुलैच्या मध्यापर्यंत आहे.

तुला हे जमणार नसेल तर तसं लिही. मग मी तुझं एप्रिलचं पत्र नेऊन वाचेन.

हरिदास


२१ जून २०२४
इंडस्ट्रियल एरिया, दोहा

हरिदास,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवस मी रोज सकाळी ठरवायचो आणि रोज शेडवर जाऊन यल्ला यल्ला करत बसायचो. खोटं कशाला सांगू.

मग एका बंगाल्यानं परवा विंचची जाळी काढली. मी नको म्हणालो, तर तो हसून म्हणाला, "फोरमन, तुम भी तो निकालता था." मी यंत्र बंद केलं आणि हापिसाच्या गाडीत बसलो.

विल्यमच्या टेबलासमोर उभा राहिलो. म्हणालो, "विल्यमभाऊ, मागच्या वर्षीचा श्रीपतीचा कागद चुकीचा आहे. नवीन टाइप करा."

मग उठून त्यानं दार लावलं. म्हणाला, "संपतराव, मला तेव्हाच कळलं होतं. हॉस्पिटलचा कागद माझ्याकडेच आला होता, त्यात दारूचं अक्षर नव्हतं. मी तुम्हाला विचारलं, खरं आहे का. तुम्ही खरंय म्हणालात आणि मी सुटलो. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकतो तेव्हा तो कागद समोर येतो." मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. जाळी, पाना, श्रीपती काय म्हणाला, मी काय म्हणालो. वास येत नव्हता. शेवटी त्यानं मराठीत वाचून दाखवलं आणि तोच प्रश्न विचारला. मी खरंय म्हणालो आणि सही केली. सही करताना बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. श्रीपतीचा हात तसाच आहे.

जियादसाहेबांनी कागद वाचला. म्हणाले, "संपत, तुम पागल है? ये देगा तो तुम्हारा काम खलास." मी म्हणालो, "मालूम है." ते म्हणाले, "एकदम क्या हुआ, तुम्हारा भाई मरा क्या?"

विल्यम दुसऱ्या दिवशी रजा काढून माझ्याबरोबर कामगार खात्यात आला. हॉस्पिटलच्या कागदाची प्रत त्यानंच जोडली. त्याची नोकरी टिकेल की नाही माहीत नाही, त्याची बायको जुडिथ इथं नर्स आहे म्हणून धीर धरून आहे. तिथल्या अधिकाऱ्यानं दोन तास विचारलं. श्रीपतीच्या नावावरचा दारूचा शिक्का काढायला आणि भरपाईची फाइल परत उघडायला अर्ज घेतलाय. इन्शाल्ला म्हणाले. किती दिवस लागतील कुणी सांगत नाही. माझ्यावर काय करायचं तेही ते ठरवतील. मी म्हटलं, ठरवा.

मला कामावरून काढलंय. शेडवर जायला मनाई. इथं कंपनीच्या खोलीत ठेवलंय. पहाटे बस भरून जातात, मी खिडकीतून बघतो. दुपारी भिंतीला हात लावला तरी भाजतो.

मराठी कागद सोबत आहे. चार वेळा लिहिला. पहिल्या तिन्हींत कुठंतरी मी स्वतःला सावरलं होतं. तुझ्या वहिनीला काल फोनवर सांगितलं. फोन चालू होता, मला स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

संपत


७ जुलै २०२४
चिंचणवाडी

दादा,

कागद मिळाला. काल सकाळी श्रीपतीच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, मीपण येते. मी नको म्हणालो तरी त्या आल्या.

श्रीपती दारात डाव्या हातानं खुर्पं पाजळत होता. खुर्पं पायाखाली दाबून धरलेलं. मी आधी माझी माफी मागितली, त्या दिवशी तोंड फिरवून गेलो त्याबद्दल. तो म्हणाला, "फौजी, तुमचं काय. सगळ्यांनी फिरवलं." मग मी सांगितलं, दादानं कागद पाठवलाय. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हौसाबाई म्हणाल्या, "आता काय लिवलंय अजून माझ्या पोराच्या नावावर?"

मी म्हटलं, गावातली चार माणसं बोलावतो, त्यांच्यासमोर वाचू. श्रीपती म्हणाला, "गाव नंतर. हिला वाचून दाखवा." आणि घरात हाक मारली, "बबीता, बाहेर ये."

दादा, ती वर्षभर त्याच्याशी धड बोललेली नाही. भाकरी पुढे सरकवायची, एवढंच. त्यानं शपथा घालून सांगितलं होतं, मी प्यायलो नाही. तिनं विश्वास ठेवला नाही. का माहीत आहे? ती मला म्हणाली, "संपतभाऊजी सांगतात म्हटल्यावर खोटं कसं असेल? ह्यांना नोकरी त्यांनी लावली. आजारी पडले तर औषध त्यांनी दिलं. ते ह्यांच्या वाईटावर कसे असतील?" तिनं कंपनीचं ऐकलं नव्हतं, गावाचंही नव्हतं. तुझं ऐकलं होतं.

मी उभं राहून वाचलं. जाळी, पाना, दोन बोटी उरल्यात. संत्र्यापाशी आलो तेव्हा श्रीपती उठून गोठ्याकडं गेला. बबीता शेवटपर्यंत उभी होती. संपल्यावर म्हणाली, "दारूचं तेवढं परत वाचा." मी परत वाचलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि गोठ्याकडं गेली. आम्ही तिघांनी तिकडं बघितलं नाही. वहिनी हौसाबाईंच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी वहिनींना हात लावला नाही आणि ऊठही म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळानं श्रीपती आला. म्हणाला, "मिस्त्रींना मी दवाखान्यात विचारलं होतं. ते सांगितलं म्हणाले. मी तेवढ्यावर तीन आठवडे निवांत झोपलो." मग म्हणाला, "त्यांनी आता लिहिलंय त्यात एक चूक आहे. मी अगं आई म्हणालो नव्हतो. मी मिस्त्री म्हणून हाक मारली होती." एवढं सांगून तो परत खुर्पं घेऊन बसला.

निघताना बबीता दारापर्यंत आली. मला म्हणाली, "भाऊजींना लिहा, मी नवऱ्याची माफी मागितली. त्यांनी कुणाची मागायची ते त्यांनी बघावं."

गावात आता माहीत होत चाललंय. कालच्यापेक्षा आज जास्तजणांना. तुझ्याबद्दल काय बोलतात ते मी लिहीत नाही, तू आल्यावर ऐकशील. कुणी थोबाडात मारली तर मी मध्ये पडणार नाही.

अर्ज मी मेअखेरीसच मागे घेतला. अवधूत पलटणीत परत आलाय, भांडाराच्या कामावर. साहेबांनी लिहिलंय की तो मला विचारत होता. पंधरा तारखेला निघतो. राहिलेली वर्षं काढीन.

तू कधी येतोस ते वहिनींना कळव. श्रीपतीच्या घरी मी तुझ्याबरोबर येणार नाही, तू म्हणालास तरी. तिथं तुला एकट्यालाच जायचंय.

हरिदास


११ ऑगस्ट २०२४
दोहा

श्रीपती,

हे पत्र तुला पहिल्यांदाच लिहितोय. आधी लिहायला पाहिजे होतं.

मला जायची परवानगी मिळाली. भरपाईच्या कामासाठी तुझा हॉस्पिटलचा मूळ कागद आणि पासपोर्टची प्रत लागेल, ती विल्यमच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे लिहिलाय. तो फाइलच्या मागे आहे. मी इथं नसलो तरी माझा जबाब त्यांच्याकडे राहील आणि बोलावलं तर मी परत येऊन सांगेन, तेही लिहून दिलंय.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते कागदावर मागायचं नाही.

एकोणीस तारखेला मुंबईत उतरतो. वीसला सकाळच्या एस.टी.नं चिंचणवाडीत येईन. आधी तुझ्या घरी, मग माझ्या. तुझ्या दारातून मला परत पाठवलंस तर मी बाहेर ओट्यावर बसून राहीन, आणि ओट्यावरून उठवलंस तर रस्त्यावर उभा राहीन. काम सांगितलंस तर करीन. दोन हात आहेत माझे.

संपत